मागच्या एक्सलमधले लिमिटेड स्लिप डिफरन्शियल नेमके काय करते आणि ते निकामी झाले आहे हे कसे ओळखावे?

कादवाकाठ (निफाड) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यानंतर बागेपर्यंतचा शिवाररस्ता काळ्या मातीचा असून पावसाळ्यात त्यावरून गाडी नेणे हे आमचे दरवर्षीचे दुखणे आहे. म्हणूनच नाशिकमधून वापरलेली एसयूव्ही घेताना आम्ही मुद्दाम हीच गाडी निवडली. तिची फक्त मागची चाके चालतात, परंतु मागच्या एक्सलला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असल्याचा उल्लेख मॅन्युअलमध्ये आहे, आणि त्यासाठीचेच ऑईल वापरावे अशी सूचना देणारी पत्र्याची पट्टीही हाऊसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या कवचावर) अजून शाबूत आहे.

गेल्या आठवड्यातल्या पावसात उजवे मागचे चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरले आणि डावे बांधालगतच्या गवतावर राहिले. क्लच सोडताच उजवे चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले, चिखलाचा थर मडगार्डच्या आत थापला गेला आणि डावे चाक मात्र तसूभरही हलले नाही. शेवटी ट्रॅक्टर लावूनच गाडी बाहेर काढावी लागली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गाडी घेतल्यानंतर एका गॅरेजमध्ये मागच्या एक्सलचे ऑईल बदलून घेतले होते. तेव्हापासून स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी हळू वळवली की मागून थरथर जाणवते आणि गुरगुरल्यासारखा आवाज येतो. सरळ रस्त्यावर कोणताही आवाज नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हे डिफरन्शियल आतून नेमके कसे काम करते? एक चाक फिरत राहिले आणि दुसरे थांबले, याचा अर्थ ते निकामी झाले असाच घ्यायचा का? हाऊसिंग न उघडता त्याची तपासणी करता येते का? ओळखीच्या एका मेस्त्रींनी स्टार गिअर वेल्ड करून टाकण्याचा सल्ला दिला आहे, तो मानावा का?

यंत्रशिक्षक (नाशिक रोड) यांचे उत्तर

आपला पहिला प्रश्न मुळापासून घेतो, कारण साध्या डिफरन्शियलबद्दलचा एक गैरसमज दूर झाल्याशिवाय लिमिटेड स्लिपचे काम लक्षात येत नाही.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. आपल्या गाडीच्या मागच्या दोन चाकांमधले अंतर १.५ मीटर धरले आणि गाडीने एक पूर्ण वर्तुळ घेतले, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालते, मग ते वर्तुळ लहान असो वा मोठे. २३५/७५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण २.३ मीटर असतो. म्हणजे एका वर्तुळात बाहेरच्या चाकाचे सुमारे चार फेरे जास्त होतात. दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर घट्ट बसवली, तर हे चार फेरे टायर घासूनच भरून काढावे लागतील. ते टाळण्यासाठी क्राऊनला (इंजिनकडच्या पिनियन या लहान गिअरने फिरणाऱ्या मोठ्या गिअरला) जोडलेल्या केसमध्ये दोन साइड गिअर आणि त्यांच्यामध्ये स्टार गिअर बसवलेले असतात. सरळ रस्त्यावर स्टार गिअर स्वतःभोवती फिरत नाहीत, केसबरोबर नुसते गोल जातात. वळणावर ते स्वतःभोवती फिरतात आणि एका बाजूचा जितका वेग कमी होतो तितकाच दुसऱ्या बाजूला वाढतो.

आता गैरसमजाकडे येतो. साधे डिफरन्शियल सगळा टॉर्क घसरणाऱ्या चाकाकडे पाठवते, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात ते दोन्ही चाकांना जवळजवळ समान टॉर्क देते, आणि खरी अडचण याच समानतेत आहे. स्टार गिअरला त्याच्या मधल्या पिनने ढकलले जाते आणि त्याचे दात दोन्ही बाजूंच्या साइड गिअरवर रेटतात. तराजूच्या दांडीला मध्यावर धरून उचलले तर दोन्ही पारड्यांवर सारखाच भार पेलला जातो, तसेच हे आहे. एका पारड्याखाली आधारच नसेल, तर दुसऱ्यावरही जोर लावता येत नाही. चिखलातले चाक १५० न्यूटन-मीटरवरच घसरत असेल, तर इंजिन कितीही ताकदीचे असले तरी गवतावरच्या चाकालाही १५० च मिळणार. शक्ती मात्र टॉर्क आणि वेग यांच्या गुणाकाराने ठरते. थांबलेल्या चाकाचा वेग शून्य असल्यामुळे इंजिनची सगळी शक्ती फिरणाऱ्या चाकात खर्च होते. डोळ्यांना दिसते ती ही शक्ती, आणि म्हणून टॉर्कही तिकडेच गेला असे वाटते.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल ही समानता मोडते. आपल्या गाडीत बहुधा प्लेटचा प्रकार असावा, कारण थरथरीची तक्रार त्याच प्रकारात नेहमी ऐकू येते. त्यात प्रत्येक साइड गिअरच्या मागे पातळ चकत्यांची चळत असते. एक चकती साइड गिअरच्या खाचांत अडकलेली, तिच्या शेजारची आपल्या कानांनी केसमध्ये अडकलेली, पुन्हा एक गिअरची, पुन्हा एक केसची, अशी ती रचना असते. मध्ये बसवलेली स्प्रिंग या चळती कायम थोड्याशा दाबून ठेवते, याला प्रीलोड म्हणतात. शिवाय बेव्हल (तिरक्या) दातांचा स्वभावच असा असतो की टॉर्क आला की ते एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे आपण ॲक्सिलरेटर दाबतो तसतसे साइड गिअर बाहेरच्या बाजूला रेटले जाऊन चकत्या अधिक घट्ट दाबल्या जातात. काही स्पोर्टी गाड्यांत स्टार गिअरची पिन तिरक्या खाचांमध्ये बसवून तिच्या जोराने दोन कड्या फाकवतात. मार्ग वेगळा असला तरी परिणाम तोच असतो.

या घर्षणाची दिशा नीट पाहिली पाहिजे. घसरणारे चाक केसपेक्षा जोरात फिरत असते, म्हणून त्याच्या बाजूच्या चकत्या त्याला मागे ओढतात. थांबलेले चाक केसपेक्षा हळू असते, म्हणून त्याच्या बाजूच्या चकत्या त्याला पुढे रेटतात. म्हणजे वेगवान बाजूकडून टॉर्क काढून मंद बाजूला दिला जातो. मंद चाकाचा टॉर्क वेगवान चाकाच्या जास्तीत जास्त किती पट होऊ शकतो, त्या आकड्याला बायस रेशो म्हणतात. प्लेटच्या प्रकारात तो साधारण दोन ते साडेतीनच्या दरम्यान ठेवलेला असतो.

आपला दुसरा प्रश्न इथेच सुटू लागतो. हिशेबापुरती १८०० किलोची गाडी घेऊ, आणि चिखलात तिला पुढे सरकण्यासाठी वजनाच्या एक दशांश इतका जोर लागतो असे मानू. चाकांवर मोजला तर हा जोर सुमारे ६४५ न्यूटन-मीटर भरतो. साध्या डिफरन्शियलमध्ये १५० अधिक १५०, म्हणजे ३०० मिळतात आणि गाडी हलत नाही. अडीच बायस रेशोच्या उत्तम स्थितीतल्या लिमिटेड स्लिपमध्ये १५० अधिक ३७५, म्हणजे ५२५ मिळतात. हा जवळजवळ दुप्पट जोर असूनही गाडी हलत नाही, कारण ५२५ हा आकडा ६४५ पेक्षा कमीच आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा एकच दृश्य दिसते, ते म्हणजे एक चाक गरगर फिरत आहे आणि दुसरे थांबलेले आहे. तेव्हा केवळ त्या दृश्यावरून आपले डिफरन्शियल निकामी झाले असा निष्कर्ष काढू नये.

याच आकड्यांतून एक जुनी युक्तीही स्पष्ट होते. चाक फिरत असताना हँडब्रेक हळूहळू थोडासा ओढला आणि त्याने दोन्ही मागच्या चाकांवर प्रत्येकी १०० न्यूटन-मीटरचा अडथळा आला असे समजा. आता चिखलाच्या बाजूचा शाफ्ट १५० ऐवजी २५० पेलतो. त्याच्या अडीच पट म्हणजे ६२५ दुसऱ्या शाफ्टला मिळतात; त्यातून ब्रेकचे १०० वजा केले की ५२५ उरतात. जमिनीवर एकूण १५० अधिक ५२५, म्हणजे ६७५ पोहोचतात आणि गाडी निघू शकते. साध्या डिफरन्शियलमध्ये हीच युक्ती केली तर १५० अधिक १५०, म्हणजे पुन्हा ३०० च मिळतात आणि हाती काही लागत नाही. हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालणारा असावा, ओढ बेताची असावी आणि काही सेकंदांत गाडी हलली नाही तर प्रयत्न थांबवावा, कारण घर्षणाची सगळी उष्णता चकत्यांमध्ये आणि ब्रेकमध्येच साठते.

सातपूर_फिटर यांचे उत्तर

सरांनी सिद्धांत उत्तम मांडला आहे, म्हणून मी तपासणी आणि ऑईल एवढ्यावरच लिहितो. एक्सलचे काम आमच्या वर्कशॉपमध्ये नेहमीचे आहे.

आधी सुरक्षिततेचे सांगतो. लिमिटेड स्लिप असलेल्या गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलून, इंजिन चालू करून, गिअरमध्ये टाकून कधीही पाहू नका. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेतले चाक नुसते फिरत राहते. इथे जमिनीवरच्या चाकालाही टॉर्क जातो आणि गाडी जॅकवरून उडी मारते. ब्रेक ड्रम फिरवून पाहण्याच्या नादात असे अपघात होतात.

प्राथमिक तपासणीसाठी दोन्ही मागची चाके उचलून गाडी स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि एक चाक हाताने हळू फिरवा. दुसरे चाक त्याच दिशेने फिरले तर प्रीलोड शिल्लक आहे. उलट दिशेने सहज फिरले तर डिफरन्शियल साधे आहे किंवा चकत्यांचा प्रीलोड गेलेला आहे. ही खूण फक्त स्प्रिंग असलेल्या प्लेटच्या प्रकाराला लागू पडते. आपोआप लॉक होणारे किंवा हेलिकल गिअरचे डिफरन्शियल या तपासणीत साध्यासारखे वागू शकते, त्यामुळे आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते आधी मॅन्युअलमध्ये पक्के करून घ्या.

खरा निर्णय टॉर्क पान्याने होतो. एक मागचे चाक जमिनीवर ओट लावून पक्के ठेवायचे, दुसरे उचलायचे, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडलेला, आणि उचललेल्या बाजूच्या हबवर ॲडॅप्टर लावून टॉर्क पान्याने ते सलग फिरवायचे. पहिल्या झटक्याचा आकडा धरायचा नाही. फिरणे सुरू झाल्यावर जो आकडा स्थिर राहतो तो वाचायचा. ब्रेक शू ड्रमला घासत असतील तर आकडा फसवा येतो, म्हणून आधी ब्रेक सैल करून घ्यावेत. हा आकडा मॅन्युअलमधल्या किमान मर्यादेशी ताडून पाहिला की चकत्या आणि स्प्रिंग यांची स्थिती कळते, त्यासाठी हाऊसिंग उघडण्याची गरज नसते.

आता थरथरीकडे वळतो. आपण सांगितलेले लक्षण ऑईलचेच आहे असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. साधे जीएल-५ गिअर ऑईल क्राऊन-पिनियनच्या दातांसाठी उत्तम असते, पण प्लेटच्या चळतीला त्याशिवाय फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे चकत्यांना अडखळू न देता सरकू देणारे मिश्रण, लागतो. तो नसेल तर चकत्या सरळ सरकत नाहीत. त्या चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि हेच चिकटणे-सुटणे हाऊसिंगमधून थरथर आणि गुरगुर होऊन ऐकू येते. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकांचा वेग सारखा असल्यामुळे चकत्यांना सरकावेच लागत नाही, म्हणून तिथे आवाज नाही. बाजारात लिमिटेड स्लिपसाठी तयार मिळणाऱ्या ऑईलमध्ये मॉडिफायर आधीच असतो. त्यात वरून आणखी बाटली ओतू नये. प्रमाण जास्त झाले की चकत्या बुळबुळीत होतात आणि चिखलात हवी असलेली पकडच जाते. काही लोक आवाज गेला म्हणून समाधान मानतात, परंतु त्यासाठी त्यांनी डिफरन्शियलचे काम गमावलेले असते.

थरथर होते आहे याची एक जमेची बाजूही आहे. चकत्या पूर्ण गुळगुळीत झाल्या असत्या तर त्यांनी एवढी कुरबुर केलीच नसती. काही पकड नक्की शिल्लक आहे.

वेल्डिंगचा सल्ला मात्र कृपया मानू नका. फक्त मातीत चालणाऱ्या जुगाड गाड्यांना तसे करतात हे मला माहीत आहे. आपली गाडी शेतातून निघून पिंपळगावच्या बाजारात आणि तिथून महामार्गावर जाणार. वर सांगितलेले वर्तुळामागचे चार फेरे तेव्हा टायर आणि एक्सल शाफ्ट यांच्या जिवावर निघतील. शाफ्ट प्रत्येक वळणाला पिळला जातो, आणि एसयूव्हीमध्ये बहुतेक वेळा सेमी-फ्लोटिंग एक्सल असतो, म्हणजे गाडीचे वजनही त्याच शाफ्टवर असते. असा शाफ्ट तुटला तर चाकासकट बाहेर येण्याचा धोका असतो. ओल्या डांबरावर वेल्ड केलेली गाडी वळण घेण्याऐवजी सरळ जाऊ पाहते, हे तर आणखी वाईट.

घाटवाट (इगतपुरी) यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. दुसऱ्या प्रकारांबद्दल थोडी भर घालतो, कारण नाशिक परिसरात आता त्या गाड्याही बऱ्याच दिसतात आणि सगळ्यांनाच सरसकट एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) म्हटले जाते.

२०२० साली आलेल्या महिंद्रा थारच्या काही आवृत्त्यांमध्ये मागच्या एक्सलला ईटन कंपनीचे आपोआप लॉक होणारे यांत्रिक डिफरन्शियल मिळते. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांपर्यंत गेला की त्यातली छोटी वजने बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि कॅमच्या जोराने चकत्या इतक्या दाबल्या जातात की दोन्ही चाके एक होतात. गाडी साधारण ताशी ३० किलोमीटरच्या वर गेली की हा खटका अडकू दिला जात नाही. इथे बायस रेशोची मर्यादा राहत नाही. एक चाक पूर्ण हवेत असले तरी दुसऱ्याला टॉर्क मिळतो. फोर्स गुरखामध्ये पुढचे आणि मागचे अशी दोन्ही डिफरन्शियल चालक स्वतः लॉक करतो. जिम्नीमध्ये लॉक नसून घसरणाऱ्या एकाच चाकाला संगणक ब्रेक लावतो. सरांच्या उदाहरणात त्या एका चाकाला ३४५ न्यूटन-मीटरचा ब्रेक लागला तर दोन्ही शाफ्टना ४९५ मिळतील आणि जमिनीवर १५० अधिक ४९५, म्हणजे बरोबर ६४५ पोहोचतील. डिफरन्शियल साधेच राहते, पण ब्रेक फक्त एका बाजूला लागल्यामुळे काम होते.

लिमिटेड स्लिपचा जन्म चिखलासाठी झाला नव्हता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. १९३५ साली फर्डिनंड पोर्शे यांच्या कार्यालयाने ऑटो युनियनच्या ग्रां प्री शर्यतीच्या गाड्यांसाठी झेडएफ या जर्मन कंपनीकडे असे डिफरन्शियल मागितले, कारण त्या गाड्यांची ताकद एवढी होती की वेगात असतानाही वळणावर हलके झालेले आतले चाक जागच्या जागी घसरत असे. अमेरिकेत सर्वसाधारण ग्राहकांच्या गाडीत ते १९५६ साली पॅकार्डने दिले.

आता चालवण्याबद्दलचा एक मुद्दा, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरते तेव्हा दुसरे न घसरता जमीन धरून असते आणि तेच गाडीची शेपटी बाजूला सरकण्यापासून रोखते. लिमिटेड स्लिपमध्ये दोन्ही चाके एकदम घसरली तर बाजूची पकड दोघांचीही जाते. आपल्याकडचे शिवाररस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. अशा ओल्या उतारावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचा मागचा भाग पुढे न जाता कडेच्या चारीकडे सरकू लागतो. कसाऱ्याच्या घाटात पावसाची पहिली सर पडलेली असताना वळणावर मध्येच जोर दिला तरीही हेच होऊ शकते. वरचा गिअर, कमी आरपीएम आणि स्थिर पाय हाच त्यावरचा उपाय आहे.

कादवाकाठ यांचा पुढचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मॅन्युअल पाहिले. प्रकार प्लेटचाच आहे. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये टॉर्क पान्याने मोजणी करून घेतली, तेव्हा आकडा मॅन्युअलमधल्या किमान मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली आला. म्हणून मी समोर उभे राहूनच हाऊसिंग उघडून घेतले.

चकत्या एकेक करून स्वच्छ कापडावर मांडल्यावर फरक डोळ्यांना दिसत होता. उजव्या चळतीतल्या घर्षणाच्या चकत्यांचा पोत कडेला राहिलेला होता, पण मध्यभागी त्या चकचकीत झाल्या होत्या आणि शेजारच्या पोलादी चकत्यांवर निळसर जांभळे पट्टे उमटले होते. डाव्या चळतीची अवस्था बरीच बरी होती. स्प्रिंगची उंची मर्यादेत आहे आणि क्राऊन-पिनियनचे दात उत्तम आहेत. जुन्या ऑईलला जळकट वास होता.

वर्कशॉपचे म्हणणे असे की खर्च वाचवायचा असेल तर फक्त उजव्या बाजूच्या चकत्या बदलाव्यात. ते योग्य होईल का? उजवीच बाजू जास्त का झिजली, हेही समजून घ्यायचे आहे.

सातपूर_फिटर यांचे उत्तर

दोन्ही बाजूंच्या चकत्या एकदम बदला. चळतीची जाडी दोन्हीकडे सारखी नसेल तर स्टार गिअर आणि साइड गिअर यांच्यातला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी राहतो. नव्या चकत्या बसवल्यावर शिमने (पातळ पत्र्याच्या वॉशरने) तो बॅकलॅश जुळवून घ्यायला सांगा आणि केस पुन्हा हाऊसिंगमध्ये बसवताना क्राऊन-पिनियनचा दातांवरचा ठसा तपासायला सांगा. केस बाहेर काढली की बाजूच्या बेअरिंगचे शिम जागच्या जागी आणि त्याच बाजूला परत गेले पाहिजेत. तिथे अदलाबदल झाली तर महिन्याभरात एक्सल रडू लागतो. घर्षणाच्या नव्या चकत्या बसवण्यापूर्वी मॉडिफायर मिसळलेल्या ऑईलमध्ये भिजवून ठेवाव्यात, कोरड्या बसवू नयेत. निळे पट्टे पडलेल्या पोलादी चकत्या घासून पुन्हा वापरू नयेत, कारण उष्णतेने त्यांची पातळी बिघडलेली असते आणि नवे फेसिंग (घर्षणाचा थर) त्या लगेच खातात.

उजव्या बाजूबद्दल माझा पहिला संशय टायरवर आहे. मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का ते पाहा. समजा एका टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि दुसऱ्याची ३ मिलिमीटर उरली आहे. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे १.४ टक्के झाले. आपल्या मापाचे चाक एका किलोमीटरला साधारण ४३५ फेरे घेते, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे सहा फेऱ्यांचा फरक पडतो, आणि नाशिकहून मुंबईला पोहोचेपर्यंत तो हजाराच्या घरात जातो. भार पडल्यावर टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक थोडा कमी असेल, पण चकत्या सरळ महामार्गावरही अखंड सरकत राहतात हे मात्र खरे. हवेच्या दाबातल्या तफावतीनेही थोड्या प्रमाणात असेच होते. टायरच्या फरकाने मात्र दोन्ही चळती झिजतात. एकीचे फेसिंग आधी जाते ते ऑईल सगळीकडे सारखे न पोहोचल्याने किंवा त्या बाजूची चळत आधीपासून घट्ट बसल्याने. म्हणून केसमधली ऑईलची भोके गाळाने बुजली आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

कादवाकाठ यांचा प्रतिसाद

टायर पाहिले. उजवा टायर नवा आहे आणि डावा बराच झिजलेला. गाडी घेतली तेव्हापासून तसेच होते, आम्ही त्याकडे लक्ष दिले नव्हते. उजव्या बाजूच्या केसमधली दोन भोकेही काळ्या गाळाने भरलेली निघाली. आता दोन्ही चळती आणि मागचे दोन्ही टायर बदलून घेतो. ऑईल भरल्यावर लगेच शेतात न्यायला हरकत नाही ना?

यंत्रशिक्षक यांचे उत्तर

शेतात नेण्याआधी एखाद्या मोकळ्या, कोरड्या मैदानात गाडी हळू चालवत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन्ही बाजूंना काही वेळा वळवा. त्यामुळे चकत्या एकमेकींवर सरकतात आणि मॉडिफायर मिसळलेले ऑईल त्यांच्यामध्ये सर्वत्र पोहोचते. पहिल्या काही वळणांत किंचित थरथर जाणवली तर घाबरू नये. ती कमी होत गेली पाहिजे. तशी ती कमी न होता वाढत गेली, तर ऑईलमधले मॉडिफायरचे प्रमाण पुन्हा तपासावे. सुरुवातीचे काही शे किलोमीटर जोराने चाक घसरवू नका, आणि त्यानंतर टॉर्क पान्याने पुन्हा एकदा मोजणी करून तो आकडा मॅन्युअलच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या पावसाळ्यापूर्वी झीज किती झाली, हे त्याच आकड्याशी ताडून पाहता येईल.